माझा खुबा, नातीची नडगी

मी चौथीपत्तूर शिकले. लिहायचा सराव न्हाय. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडम म्हणल्या, आजी, तुम्ही नुसतं बोला, मी फोनवर धरते आन् मागनं लिहून काढते. तुमच्या वयाच्या बायका माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील. म्हणून बोलते. ज्यांचा खुबा मोडलाय त्यांच्यासाठी हे हाय. ज्यांच्या घरात पळणारी पोर हाय त्यांनी तर जरूर ऐकावं. चूक माझी व्हती. ते आधीच सांगून टाकते, म्हंजे पुढचं बोलायला बरं पडंल.

आम्ही हडपसरजवळच्या मांजरीचे. रान व्हतं, ऊस व्हता. आता तिथं बिल्डिंग हाय आन् आम्ही तिच्याच पाचव्या मजल्यावर ऱ्हातो. लेक संतोष, सून मंगल, त्यांची पोर ऋतुजा आन् मी. मालक जाऊन लई वर्षं झाली. ज्या खोलीत मी झोपते तिथं खाली आमची विहीर व्हती, असं संतोष म्हणतो. मला काय कळत न्हाय, वरनं समदं सारखंच दिसतं.

पडले तो दिवस

मी जेवायला खालीच बसते. सून टेबल मांडती, पण मला खुर्चीत घास उतरत न्हाय. त्या दिवशी भाकरी-पिठलं खाल्लं, ताट सरकवलं, गुडघ्यावर हात ठेवून उठायला गेले. मांड्यांनी ऐकलंच न्हाय. अर्ध्यात आले आन् तिथंच लटकले, ना वर ना खाली. मग डाव्या अंगावर गेले. काडकन आवाज झाला. मला वाटलं ताट मोडलं. ताट स्टीलचं.

घरात ऋतुजा एकटी व्हती. पळत आली आन् काखेत हात घालून तिनं मला उचललं, पलंगावर टाकलं. उचलताना 'आई गं' निघालं. माझ्या तोंडातनं न्हाय, तिच्या. मला वाटलं माझं वजन लागलं. मग ती बापाला फोन करायला गेली, ती लंगडत गेली. ते मी बघितलं. पण खुब्यात असा जाळ झाला व्हता की बघितलेलं तिथंच राहिलं.

हडपसरच्या दवाखान्यात नेलं. फोटो काढला. डॉक्टर तरणा व्हता, बोलायला साधा. म्हणला, खुबा मोडलाय, उद्या सळई घालू. मग माझी मांडी हातानं चाचपली आन् म्हणला, "आजी, हाडं ठिसूळ झालीत ते आहेच. पण मांडीत मांस राहिलंच नाही. काही काम करता का?"

मी म्हणलं, "जन्मभर केलंय. उसाच्या शेंड्यांचं वाढं वाहिलंय, पाणी वाहिलंय, शेणाच्या पाट्या वाहिल्यात."

"जन्मभर नाही विचारत. आता काय करता?"

फ्लॅटला आल्यापासनं लिफ्ट हाय, नळ हाय, भांड्याला बाई हाय. मी उठले की सून म्हणायची, बसा आई, लई केलंत. मी बसले. संतोष खाली मान घालून म्हणला, "आम्हीच बसवलं, डॉक्टर. वाटलं, आराम पडावा."

आरामानं माणूस मोडतं, हे आमच्या घरात कुणाला ठावंच नव्हतं.

वॉर्ड

दवाखान्यात दिवस लवकर उजाडतो. साडेपाचला लाईट लावायचे, मग ताप बघायचा, मग सुई. सातला चहा, तो कोमटच यायचा. नऊला डॉक्टर. अकराला व्यायामाच्या मॅडम. मधल्या वेळात छताकडं बघायचं. छताच्या पंख्याला एका पात्यावर निळा डाग व्हता, तो फिरताना गोल दिसायचा. मी त्याच्याकडं बघून दुखणं काढलं.

दुखण्याचं काय वाटलं न्हाय. सात बाळंतपणं झालेलं अंग हाय. लाज वाटली ती भांड्याची. सत्तरी ओलांडून अंथरुणात लघवीला बसायचं. तिथं एक मावशी व्हती, कोंढव्याची. भांडं द्यायची, पडदा ओढायची आन् स्वतः तोंड फिरवून खिडकीतनं रस्त्यावरच्या गाड्या मोजायची. मोठ्यानं मोजायची, म्हंजे मला कळावं की ती बघत न्हाय. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिला बरकत येवो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला उभं केलं. मी म्हणलं, मेले. त्या म्हणल्या, मेलेली माणसं इतकं बोलत न्हाईत. वॉकर धरून चार पावलं टाकली. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या घोट्याला वाळूची बारकी पिशवी बांधली आन् म्हणल्या, पाय वर उचला.

पिशवी बघून मी म्हणलं, ही सोडा आधी. त्याला कारण व्हतं.

शपथ

ऋतुजा पोलीस भरतीची तयारी करीत व्हती. आमच्यात पोरी पोलिसात गेलेल्या न्हाईत. हिनं बारावीपासनं डोक्यात घेतलं. रोज पहाटं उठून कॅनॉलच्या कडेनं पळायची. आधी एकदा ग्राउंड, म्हंजे भरतीची मैदानी परीक्षा, दिलं, तर आठशे मीटरला मागं पडली. तिच्या अकॅडमीच्या सरांनी सांगितलं, पहिल्या फेरीला तुझ्यासारखी कुणी न्हाय, दुसऱ्या फेरीत तुझ्या मांड्या संपतात. नुसतं पळून भागायचं न्हाय, वजन उचल. मग ती वजन उचलायला लागली.

मी एकदा डबा द्यायला तिथं गेले. बघते तर पोरी खांद्यावर वाळूच्या गोणी घेऊन खाली बसतायत, उठतायत. मधली आमची. मान लाल झालेली, दात आवळलेले.

मला माझी मी दिसले. मला सातवा महिना व्हता. तोडणी चालली व्हती, वाढ्याचा भारा डोक्यावर दिला, बांधावरनं उतरताना पोटात कळ आली. पोरगी झाली ती रडलीच न्हाय. माझ्या थोरल्या जावेनं बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी पाण्याच्या घागरी आणल्या, तवापासनं तिचं अंग, म्हंजे गर्भाची पिशवी, बाहेर यायचं. मरेपत्तूर ती फडकं बांधून चालली, कुणाला सांगितलं न्हाय, मलाच ठावं व्हतं. बाईच्या जातीला ओझं खातं, हे मी पुस्तकात वाचलं न्हाय, घरात बघितलं.

घरी आल्यावर ऋतुजाला म्हणलं, ते बंद कर. ती समजवायला लागली, आजी, ते स्ट्रेंथ असतं गं, त्यानं पाय मजबूत होतात. मी ऐकलं न्हाय. तिचा हात वढला, माझ्या डोक्यावर ठेवला आन् म्हणलं, "माझी शपथ हाय. वजन अंगावर घेशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

ती हात काढून घेत म्हणली, "आणि गोळाफेक?"

गोळा भरतीतच व्हता. मी इचार केला आन् म्हणलं, गोळा फेक, तो लांब जातो. अंगावर घेऊ नको.

ती हसली. मला वाटलं मी जिंकले. त्या दिवसापासनं ती नुसतं पळायची. वजनाचं ते कमी पडतं म्हणून दुप्पट पळायची. सकाळी पळायची, संध्याकाळी पळायची. मंगल एकदा भाजी निवडता निवडता म्हणली, तुम्ही मोठ्या, तुम्ही म्हणाल तसं. मी ते कौतुक समजले.

दोन फोटो

मी दवाखान्यात सात दिवस व्हते. ऋतुजा रोज यायची आन् रोज जास्त लंगडायची. बाप विचारायचा, तर बूट चावतोय म्हणायची. भरतीचं ग्राउंड पाच आठवड्यांवर आलं व्हतं. ही तिची शेवटची भरती. पुढच्या वेळंपत्तूर वयाची अट उलटणार व्हती. आन् संतोषनं सांगूनच ठेवलं व्हतं, ही झाली की स्थळं बघायची, मग कुणाचं ऐकायचं न्हाय.

एका सकाळी डॉक्टर माझ्याकडं आले, तर ऋतुजाच्या चालीकडं बघत राहिले. तिला खाटंच्या कडंला बसवलं, नडगीवर अंगठा दाबला. माझ्या खाटंचं लोखंड तिनं असं धरलं की खाट हलली. तिचा बी फोटो काढला. त्यात नीट दिसंना म्हणून मोठ्या मशीनमधी घातली. दुसऱ्या दिवशी दोघींची पाकिटं एकाच टेबलावर. माझा खुबा आन् तिची नडगी.

डॉक्टर म्हणले, हाडाला चीर गेलीय. दोन महिने पळायचं न्हाय.

तिनं विचारलं, "पट्टी बांधून एकदाच पळाले तर? दोनच फेऱ्या आहेत, सर."

"एकदा पळशील. मग हाड पूर्ण मोडेल आणि आजीच्या शेजारची खाट घ्यावी लागेल."

मग डॉक्टरांनी तिला समजावलं, मी पडल्या पडल्या ऐकत व्हते. पळताना दर पावलाला अंगाच्या कितीतरी पट वजन पायावर येतं. तो दणका मांडीनं आन् पोटरीनं झेलायचा असतो. ती कच्ची असली की दणका थेट हाडाला बसतो. मला ते चटकन कळलं. उसाच्या ट्रकचे दणका झेलणारे पाटे बसले की खालची चेसी मोडती, तसंच.

डॉक्टर म्हणले, "तुमच्या सरांनी वजनाचे व्यायाम दिले नव्हते?"

"दिले होते."

"मग केले का नाहीस?"

मी डोळे मिटले. मला वाटलं आता ती माझं नाव घेणार. घ्यायलाच पायजे व्हतं. मंगल तिथंच उभी व्हती, संतोष व्हता.

ऋतुजा म्हणली, "वेळ मिळाला नाही, सर."

मंगलनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती माझी चादर नीट करायला लागली. चादर नीटच व्हती.

ग्राउंड

घरी आलो. दोघी एका खोलीत. मी वॉकरवर, ती कुबडीवर. मंगल म्हणली, बाथरूमला एकच स्टूल आणलंय, टाइमटेबल लावून वापरा. ती हसवायला बोलली, पण हसली न्हाय. नवरा-बायकोत बोलणं तुटलं व्हतं. संतोष म्हणायचा, बरं झालं, सुटली एकदाची त्यातनं. मंगल म्हणायची, तुम्हाला बरंच वाटणार. मी भिंतीकडं तोंड करून ऐकायची.

मला भ्या वाटायचं ते पुन्हा पडायचं. पाय उचलला की वाटायचं, आता गेले. जेवण कमी केलं, म्हंजे संडासला उठायला नको. मॅडमला कळलं तशी त्या भडकल्या. म्हणल्या, आजी, खाल्लं न्हाय तर मांस कुठनं येणार, अंडं खा. मी माळकरी, अंडं कसं खाणार. मग डाळ, ताक, शेंगदाणे असं ठरलं. ऋतुजा माझ्या पुढं वाटी धरून बसायची, मी खाल्ल्याबिगर हलायची न्हाय.

ग्राउंडचा दिवस आला. तिची मैत्रीण पूनम, तिच्याच संगं तयारी केलेली. ऋतुजा सकाळी उठली, आंघोळ केली, कुबडी घेतली. बाप म्हणला, कुठं? म्हणली, पूनमची बॅग धरायला कुणीतरी पायजे.

दुपारी आली. बूट हातात व्हते, तिचे न्हाय, पूनमचे. चिखल लागला व्हता म्हणून धुऊन द्यायला आणले व्हते. गॅलरीत बसून ब्रशानं घासले. मी विचारलं, कशी पळाली पोर?

म्हणली, "दुसऱ्या फेरीत सगळ्यांना मागं टाकलं. मांड्या लई भारी झाल्यात तिच्या."

मग नळ जोरात सोडला. पाणी लई येळ चालू व्हतं. मंगल नळ बंद करायला गेली न्हाय.

पिशवी

दोन महिन्यांनी तिच्या हाडाची चीर भरली. मॅडम घरी यायच्या, माझ्या जोडीनं तिचा बी व्यायाम घ्यायच्या. खुर्चीतनं उठायचं, बसायचं. टाचा उचलायच्या. एका पायावर उभं ऱ्हायचं. समदं ती करायची. मग मॅडमनी तिच्या हातात वजन दिलं की ती ते खाली ठेवायची. म्हणायची, नको मॅडम, असंच करते.

एकदा झालं, दोनदा झालं. मॅडम म्हणल्या, अगं, भीती गेली पाहिजे, परत पळायचंय ना? ती हसली, तशीच, माझ्या डोक्यावरनं हात काढून हसली व्हती तशी.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या घोट्याला पिशवी बांधलेली, मी पाय उचलतेय, दहा मोजतेय. आन् पोर वजन खाली ठेवतीय. शपथ अजून तिथंच व्हती. मी घातलेली, मी विसरलेली. डॉक्टर सांगून गेला, हाड चिरलं, भरती गेली, तरी ती शपथ पाळत व्हती, कारण सोडवायला कुणी आलंच न्हाय.

मॅडमला मी समदं सांगितलं. माझी सातव्या महिन्यातली पोरगी सांगितली, जाव सांगितली. आजवर मालकांना बी इतकं सांगितलं नव्हतं. मॅडम माझ्याजवळ खाली बसल्या. म्हणल्या, "आजी, तुमच्यावर ते ओझं लादलं होतं. पोटुशी असताना, उपाशीपोटी, दम खाऊ न देता. ऋतुजा ते हळूहळू वाढवणार, खाऊन पिऊन, मधे विश्रांती घेऊन. जड वाटलं तर खाली ठेवणार. तुम्हाला खाली ठेवायची मुभा होती का?"

नव्हती.

मी ऋतुजाला म्हणलं, इकडं ये. ती आली, खाली बसली. तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आन् मीच उचलून खाली घेतला. म्हणलं, "घातलेली शपथ सुटली. घे आता."

तिनं वजन उचललं. खाली बसली, उठली. तोंड माझ्याकडं नव्हतं, खिडकीकडं व्हतं. मॅडम मोजत व्हत्या. मंगल दारात पीठ मळल्या हातानं उभी व्हती.

आता

पूनम ट्रेनिंगला गेली. यादी लागली तवा ऋतुजाच पेढे घेऊन तिच्या घरी गेली. स्थळं बघणं चालू हाय. ती हिंजवडीला एका कंपनीत जाती, सकाळी साडेसहाला बस असती, त्याच्या आधी पळून येती. आठवड्याला तीनदा पळती, दोनदा वजन करती. नडगी दुखत न्हाय. सरांनी तिला परवा घड्याळ लावून पळवलं, म्हणले, दुसरी फेरी पहिलीइतकीच आली. हे ती घरात आपण होऊन बोलली न्हाय. पूनमच्या आईकडनं कळलं. त्या पळण्याचा आता उपयोग कुठं न्हाय.

मी घरात काठीशिवाय चालते. खाली बसून जेवायला अजून परवानगी न्हाय. मॅडमनी अट घातलीय, खुर्चीतनं हात न लावता दहा वेळा उठायचं, मग खाली बसायचं.

परवा रविवारी ऋतुजा माझा व्यायाम घेत व्हती. मी सहावर दमले, बसून राहिले. किती दिवस मनात व्हतं ते विचारलं. म्हणलं, "तुझं शिक्षण झालेलं. मी अडाणी. चोरून का न्हाय उचललंस? मला कुठं कळणार व्हतं?"

ती माझ्या पायापाशी बसली व्हती. पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत व्हती.

म्हणली, "काही होत नसतं, ते माहीत होतं गं मला. पण झालं असतं तर?"

मी बरी हाय, चालते, फिरते. भरती तिची गेली. मला काय होऊ नये म्हणून एवढी मोठी पोर नुसती पळत राहिली, हाडाला चीर जाईपत्तूर.

तिनं नाडी सोडली, डोळे पुसले, आन् माझ्या गुडघ्यावर थाप मारली. म्हणली, "चल आजी, सहाच झालेत. चार राहिलेत."

मी छातीशी दोन्ही हातांची घडी घातली आन् उठले.